अर्ध्या वाटेवरचं हार्मोन

उत्साही : थायरॉइड मंदावलेल्या माणसाला आज आपण दोनच गोष्टी सांगतो. आयोडीनयुक्त मीठ खा, नाहीतर रोज सकाळी रिकाम्या पोटी लेव्होथायरॉक्सिनची गोळी घे. मीठ म्हणजे प्रक्रियेची अगदी सुरुवात आणि गोळी म्हणजे अगदी शेवट. मधल्या पायरीवर जे रसायन आहे त्याच्याकडे कुणी बघतच नाही. ग्रंथी टायरोसिन या अमिनो आम्लावर आयोडीनचा एक अणू चढवते, मग दुसरा. दोन अणू चढले की डायआयोडोटायरोसिन तयार होतं. असे दोन रेणू जुळले की टी-4, म्हणजेच थायरॉक्सिन. एका अणूचा आणि दोन अणूंचा रेणू जुळला की टी-3. हे काही परवाच्या जाहिरातीतून उपजलेलं रसायन नाही. ड्रेक्सेल या रसायनशास्त्रज्ञाने ते 1896 मध्ये गॉर्गोनिया जातीच्या प्रवाळातून वेगळं काढलं, 1905 मध्ये अमेरिकेत व्हीलर आणि जेमिसन यांनी ते प्रयोगशाळेत बनवून त्याची रचना पक्की केली, आणि 1929 मध्ये हॅरिंग्टन व रँडल यांनी ते खुद्द थायरॉइड ग्रंथीतून मिळवून दाखवलं. प्रवाळात आहे, आपल्या गळ्यात आहे, आता बाटलीतही मिळतं. थकलेल्या ग्रंथीच्या हाती निम्मं काम झालेला माल दिला तर तिचा भार हलका होणार नाही का?

साशंक : रसायनशास्त्र तुम्ही बरोबर सांगितलंत, पण ते कुठे घडतं हे सांगायचं राहिलं, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. ग्रंथीत टायरोसिन सुटं तरंगत नसतं. थायरोग्लोब्युलिन नावाचं एक अवाढव्य प्रथिन असतं, त्याच्या साखळीत टायरोसिन आधीच गुंफलेलं असतं, आणि आयोडीन चढतं ते या गुंफलेल्या टायरोसिनवर. त्या प्रथिनात टायरोसिनच्या सुमारे 134 जागा आहेत. त्यातल्या पंचवीस-तीस जागांवर आयोडीन बसतं आणि त्यातल्याही मोजक्याच जागा एकमेकींसमोर अशा नेमक्या अंतरावर आणि कोनात येतात की तिथे दोन रेणू जुळून हार्मोन बनतं. पैठणीच्या पदरावरचा मोर मागावरच, ताण्यात धागा गुंतवत विणावा लागतो. सुटा मोर आणून त्या पदरात बसवता येत नाही. तुमच्या बाटलीतला रेणू हा तसा सुटा मोर आहे.

आणि हे मी तर्काने म्हणत नाही, ग्रंथीच्याच वागण्यावरून म्हणतो. हार्मोन रक्तात सोडायची वेळ आली की ग्रंथी थायरोग्लोब्युलिनचे तुकडे करते. त्यातून थोडं टी-4 आणि टी-3 निघतं, आणि त्यांच्याबरोबर न जुळलेलं डायआयोडोटायरोसिन भरपूर निघतं. म्हणजे तुम्ही जे बाहेरून द्यायला निघाला आहात ते ग्रंथीच्या हाताशी, तिच्या स्वतःच्या पेशीत, फुकट उपलब्ध असतं. ती त्याचं काय करते? पुन्हा जोडायला घेत नाही. एक खास विकर त्या रेणूवरून आयोडीन उतरवतं, उरलेलं टायरोसिन बाजूला होतं आणि सुटलेलं आयोडीन नव्या थायरोग्लोब्युलिनवर पुन्हा चढवलं जातं. हे विकर जन्मतःच काम करत नसेल तर काय होतं, तेही माहीत आहे. 1950 च्या दशकात गलगंड आणि खुरटलेली वाढ असलेल्या काही रुग्णांना खुणेचं किरणोत्सर्गी डायआयोडोटायरोसिन देऊन पाहिलं, तर ते जसंच्या तसं लघवीत उतरलं. निरोगी माणसांत त्याचं आयोडीन सुटून वेगळं होतं. पुढे 2008 मध्ये अशा कुटुंबांतलं सदोष जनुकही सापडलं. त्या रुग्णांच्या अंगात हे तुमचं अर्धवट हार्मोन मुबलक फिरत होतं, तरी थायरॉइड मंदच होती.

उत्साही : म्हणजे ते हार्मोनमध्ये जुळत नाही. पण जुळूच शकत नाही असंही नाही. 1939 मध्ये फॉन मुत्झेनबेखर यांनी डायआयोडोटायरोसिनचं द्रावण नुसतं उबेत ठेवून त्यातून थायरॉक्सिन मिळवलं होतं, कुठलीही ग्रंथी नसताना. आयोडीन चढवलेल्या दुधाच्या प्रथिनातही थायरॉक्सिन बनतं, आणि ते चारून गायींचं दूध वाढवण्याचे प्रयोग चाळीसच्या दशकात झाले.

साशंक : अल्कधर्मी द्रावणात, बराच काळ ठेवून, आणि हाती आलं ते अगदी थोडं. हार्मोन बनण्याचं रसायनशास्त्र समजायला तो प्रयोग मोलाचा होता, त्यातून पोटात घ्यायचं पूरक निघत नाही. तुमच्या पोटात आणि यकृतात परीक्षानळीतली निवांत ऊब नाही, आयोडीन उतरवणारी विकरं आहेत. गायींचं उदाहरण तर तुमच्याच विरुद्ध जातं. त्या चाऱ्याचा परिणाम होत होता, कारण त्यात तयार थायरॉक्सिन होतं. म्हणजे आपण फिरून लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीपाशीच आलो, फक्त मोजमाप नसलेल्या.

उत्साही : ठीक. समजा, हा रेणू शरीरात गेल्यावर त्याचं आयोडीन सुटतं आणि एवढंच होतं. मग तो आयोडीनचा स्रोत तरी आहेच ना? आणि सौम्य स्रोत. पोटॅशियम आयोडाइड रक्तात एकदम उसळतं. इथे आयोडीन कार्बनच्या कड्याला घट्ट बांधलेलं आहे, ते विकराच्या चालीने हळूहळू सुटणार. समुद्री शेवाळातही थोडं आयोडीन याच रूपात असतं, आणि जपानी माणूस ते पिढ्यान्‌पिढ्या खातो आहे. मिठावर फवारलेल्या आयोडेटपेक्षा हे रूप शरीराला जास्त ओळखीचं आहे, असं मला वाटतं.

साशंक : शेवाळातलं बहुतांश आयोडीन साधं आयोडाइडच असतं, तेव्हा जपान्यांच्या ताटातून या रेणूची शिफारस निघणं अवघड आहे. राहिला सौम्यपणा. निरोगी शरीरात हे आयोडीन सुटायला आठवडे लागत नाहीत, काही तासांचा प्रश्न असतो, आणि एकदा सुटलं की ते कुठून आलं हे ग्रंथीच्या दाराला कळत नाही. त्या दारावरचा वाहक फक्त आयोडाइड आत घेतो. आयोडेटही आधी आयोडाइडच होतं. म्हणून तुमच्या पूरकाचा खरा परिचय एका हिशेबात मावतो.

(दोघांनाही क्षणभर थांबवून लिहिणाऱ्याचा शेरा : पूरकांच्या वादात मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांच्यातलं हजारपटीचं अंतर जितक्या सहज ओलांडलं जातं तितक्या सहज दुसरं काही ओलांडलं जात नाही. पुढचे आकडे सावकाश वाचावेत.)

साशंक : डायआयोडोटायरोसिनच्या वजनात सुमारे 58.6 टक्के आयोडीन असतं. म्हणजे एक मिलिग्रॅम रेणूतून 586 मायक्रोग्रॅम आयोडीन. प्रौढ माणसाची रोजची गरज 150 मायक्रोग्रॅम, गरोदर बाईची जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 250. सुरक्षित मानलेली वरची मर्यादा अमेरिकेत 1100 आणि युरोपात 600 मायक्रोग्रॅम. एक मिलिग्रॅम हा डोळ्यांना दिसेल न दिसेल असा कण. तेवढ्यात युरोपीय मर्यादेचं काठोकाठ माप भरलं, आणि वर आपलं घरचं मीठ आहेच. तुम्ही ज्याला सौम्य म्हणता ते एका चिमटीत अतिरेकाला पोचतं. आणि अमिनो आम्ल हा शब्द ऐकून ग्राहकाला वाटतं की हा प्रथिनांसारखा पौष्टिक प्रकार आहे. टायरोसिनची तर आपल्याला कमतरता नसतेच. ते डाळीत, दुधात, शेंगदाण्यात आहे, आणि शरीर ते फेनिलअ‍ॅलनिनपासून स्वतःही बनवतं.

उत्साही : तुम्ही प्रमाणाची भीती दाखवता, पण जास्त प्रमाणातही या रेणूचा इतिहास भीतीचा नाही. 1930 च्या दशकात युरोपातल्या डॉक्टरांनी तो रुग्णांना दिला होता, मोठ्या मात्रेत, आणि गुण आल्याच्या नोंदी आहेत.

साशंक : कोणत्या रुग्णांना दिला होता, ते सांगा की! थायरॉइड अति चालणाऱ्या, ग्रेव्हज आजाराच्या रुग्णांना. प्लमर यांनी 1923 मध्ये दाखवलं होतं की शस्त्रक्रियेआधी आयोडीन पाजलं तर उधळलेली ग्रंथी काही दिवस शांत होते. डायआयोडोटायरोसिन त्याच कामाला वापरलं गेलं, ग्रंथीला लगाम घालायला. पुढे 1943 मध्ये अ‍ॅस्टवुड यांनी थायोयुरासिल आणलं आणि हा वापर मागे पडला. पण खूण राहिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषध-वर्गीकरणात डायआयोडोटायरोसिन आजही आहे, एच03बीएक्स01 या क्रमांकाखाली, आणि तो वर्ग थायरॉइडविरोधी औषधांचा आहे. मंद ग्रंथीला चालना म्हणून जे विकलं जातं, ते औषधांच्या यादीत ग्रंथी मंद करणाऱ्यांच्या रांगेत बसलेलं आहे.

उत्साही : यात तुम्हाला विसंगती दिसते, मला नाही दिसत. अति चालणारी शांत होते, कमी पडणारीला खाद्य मिळतं. दोन्ही बाजूंनी तोल सांभाळणारं द्रव्य, असंच म्हणा ना.

साशंक : आयोडीन दोन्ही दिशांना ढकलतं, हे खरं. पण ढकलणं म्हणजे तोल सांभाळणं नव्हे. वुल्फ आणि चायकॉफ यांनी 1948 मध्ये उंदरांत दाखवलं की रक्तात आयोडाइड फार झालं की ग्रंथी ते चढवायचंच थांबवते. निरोगी ग्रंथी दोन-एक दिवसांत आपलं दार अर्धवट लोटून घेते, आत येणारं आयोडीन कमी करते आणि पुन्हा कामाला लागते. ज्या ग्रंथीला स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने पोखरलेलं आहे, म्हणजे हाशिमोटो आजार आहे, तिला हे दार लोटणं पुष्कळदा जमत नाही. ती बंद पडते ती बंदच राहते, मंदपणा वाढतो. उलट जिथे वर्षानुवर्षं आयोडीन कमी होतं आणि ग्रंथीत स्वच्छंद गाठी झाल्या आहेत, तिथे आयोडीन मिळताच त्या गाठी उधळतात. कोणत्या माणसात कोणती दिशा, हे ग्रंथीच्या आधीच्या अवस्थेवर ठरतं, रेणूच्या सद्‌भावनेवर नाही.

आता आपल्याकडे कोण येतं ते बघा. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत मुंबई आणि गोवाही होते. प्रौढांत थायरॉइड मंद असण्याचं प्रमाण सुमारे 11 टक्के निघालं, आणि ग्रंथीच्या विकराविरुद्धची प्रतिपिंडं जवळपास 22 टक्क्यांमध्ये होती. यातली बहुतेक माणसं आयोडीनवाचून अडलेली नाहीत. ‘मला थायरॉइड आहे’ म्हणणाऱ्या आपल्याकडच्या बाईला बहुतेक वेळा स्वयंप्रतिकाराचा आजार असतो, आणि आयोडीन हे त्या आजाराचं उत्तर नाही. कदाचित खतपाणीच आहे. चीनमध्ये कमी, पुरेसं आणि अति आयोडीन असलेल्या तीन भागांची पाच वर्षं तुलना केली, ती 2006 मध्ये छापून आली. स्वयंप्रतिकारी थायरॉइडदाह वाढत्या आयोडीनबरोबर वाढत गेलेला दिसला.

उत्साही : तुमचा हा मुद्दा मी मान्य करतो, आणि नेमका इथूनच माझा खरा मुद्दा सुरू होतो. तुम्ही भागांबद्दल, शहरांबद्दल, टक्क्यांबद्दल बोलता. मी एका बाईबद्दल विचारतो. तिचं आयोडीन पुरेसं आहे की नाही, हे तुम्ही तिला कसं सांगणार? लघवीतलं आयोडीन तपासून? ते दिवसागणिक, जेवणागणिक बदलतं. एका माणसाचा बरा अंदाज यायला दहा-दहा नमुने लागतात. ती चाचणी गावाची किंवा जिल्ह्याची स्थिती सांगते, व्यक्तीची नाही. टीएसएच (ग्रंथीला चालना देणाऱ्या हार्मोनची रक्तचाचणी) तर आयोडीनबद्दल थेट काहीच सांगत नाही. मग उरतं मीठ. आपल्या नियमाप्रमाणे घरात पोचलेल्या मिठात किमान 15 पीपीएम आयोडीन हवं. दिवसाला दहा ग्रॅम मीठ धरलं तर 150 मायक्रोग्रॅम झाले, हिशेब जुळला. पण रक्तदाबाचा डॉक्टर त्याच बाईला सांगतो की पाच ग्रॅमच्या वर जाऊ नको. पाच ग्रॅमचे होतात 75 मायक्रोग्रॅम, गरजेचे निम्मे, आणि त्यातलं काही फोडणीत-उकळीत जातं. त्यातून तिने आरोग्यासाठी म्हणून पांढरं मीठ सोडून सैंधव आणलेलं असतं, दूध बंद केलेलं असतं, मासे घरात येत नसतात. एक यंत्रणा तिला मिठातून आयोडीन देते, दुसरी तेच मीठ हातातून काढून घेते. अशा बाईने बाटलीतून आयोडीन घ्यायचं ठरवलं तर तिला भोळी कसं म्हणायचं?

साशंक : भोळी म्हणणार नाही. ही तुमची सगळ्यात भक्कम बाजू आहे, आणि तिचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. सार्वजनिक उत्तर सोपं आहे. लोक मीठ कमी खाऊ लागले तर मिठातलं आयोडीन वाढवा, दोन्ही धोरणं एकत्र नांदू शकतात. मिठातून आयोडीन पोचवता येतं हे कांगडा खोऱ्यात रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून दाखवलं. खोऱ्याचे तीन भाग केले, दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ दिलं, एका भागाला साधं. काही वर्षांत दोन भागांतला गलगंड उतरला, तिसऱ्यात होता तसा राहिला, मग तिथेही तेच मीठ सुरू केलं. भारताचा सगळा मीठ-कार्यक्रम त्यावर उभा आहे. तिथे ना महाग रेणू होता, ना ग्रंथीला अर्धं काम करून देण्याची भाषा.

पण धोरण बदलेपर्यंत त्या बाईने काय करायचं, हा प्रश्न उरतोच, हे कबूल. तिला आयोडीन हवंच असेल तर तिने मायक्रोग्रॅममध्ये मोजलेलं पोटॅशियम आयोडाइड घ्यावं, किंवा सरळ सैंधव सोडून पुन्हा पुडीतल्या मिठाकडे यावं. डायआयोडोटायरोसिनच का, याला तुमच्याकडे उत्तर नाही. देतं तेच आयोडीन, फक्त वेष्टनावर लिहिलेलं वजन रेणूचं आहे की आयोडीनचं, हे बघायला भिंग लागतं. आणि वेष्टनाच्या आत काय आहे, तो आणखी वेगळा प्रश्न. अमेरिकेत 1994 च्या कायद्यापासून पूरक विकण्याआधी गुणाचा पुरावा द्यावा लागत नाही. तिथे दुकानात मिळणारी थायरॉइडसाठीची दहा पूरकं तपासली, 2013 मध्ये निष्कर्ष आला. दहापैकी नऊ गोळ्यांत टी-3 सापडलं, पाचांत टी-4. म्हणजे कुणाला ‘नैसर्गिक आधाराने’ तरतरी वाटली असेल, तर ती मात्रा न लिहिलेल्या हार्मोनची असू शकते. त्यात केसांसाठी म्हणून बायोटिन घातलेलं असेल तर ते रक्ताच्या काही चाचण्यांना फसवतं, टीएसएच खोटं कमी दिसतं, आणि डॉक्टर न झालेल्या आजाराच्या मागे लागतो.

उत्साही : भेसळ हा भेसळ करणाऱ्याचा गुन्हा आहे, रेणूचा नाही. आणि पुरावा नाही म्हणता, तर पुरावा कोण गोळा करणार? सव्वाशे वर्षांपूर्वीचा रेणू, त्यावर पेटंट नाही, कुठली कंपनी कोट्यवधी रुपये घालून चाचणी करेल? न तपासलेल्याला तुम्ही निरुपयोगी ठरवताय.

साशंक : तसं नाही. मी विचारतोय की चाचणी करायचीच तर कशी करायची. रिकाम्या गोळीशी तुलना केली आणि आयोडीन कमी असलेल्या लोकांत सुधारणा दिसली, तर त्यातून फक्त आयोडीन उपयोगी आहे एवढंच कळेल, आणि ते कांगड्यात कळून चुकलं आहे. खरी तुलना एकच : एका गटाला डायआयोडोटायरोसिन, दुसऱ्याला तेवढंच आयोडीन असलेलं पोटॅशियम आयोडाइड. पहिला गट पुढे गेला तरच रेणूत आयोडीनपलीकडे काही आहे असं म्हणता येईल. ग्रंथी स्वतःच्या घरातलं डायआयोडोटायरोसिन मोडूनच वापरते हे माहीत असताना, मी त्या निकालावर पैज लावणार नाही.

उत्साही : आणि त्या चाचणीत घेणार कुणाला? जिथे आयोडीन कमी आहे तिथल्या लोकांना मीठ द्यावं, त्यांना प्रयोगात अडकवणं योग्य नाही. ज्यांना हाशिमोटो आहे त्यांना जादा आयोडीन देणं तुम्हीच धोक्याचं म्हटलंत. ज्यांचं सगळं ठीक आहे त्यांच्यात सुधारायला काही नाही. म्हणजे ज्यांना हे विकलं जातं त्यांच्यात ते तपासता येत नाही, आणि ज्यांच्यात तपासता येतं त्यांना ते लागत नाही.

साशंक : बरोबर. आणि ते विकत घेणाऱ्यांनाही हे कुणीतरी सांगायला हवं.

उत्साही : मग माझ्या त्या बाईकडे परत येऊ. सैंधव खाणारी, दूध-मासे सोडलेली, आता दोन महिन्यांची गरोदर. टीएसएच 3, प्रतिपिंडं आहेत. गर्भाच्या मेंदूसाठी आयोडीन हवं, तिच्या ग्रंथीसाठी ते जपून हवं. बाटली मी बाजूला ठेवली. आता तुमचं मोजलेलं पोटॅशियम आयोडाइड तिला देणार की नाही?

साशंक : जागतिक आरोग्य संघटना म्हणते, नव्वद टक्क्यांहून जास्त घरांत आयोडीनयुक्त मीठ पोचलेल्या देशात गरोदर बायकांना वेगळं पूरक लागत नाही, भारत त्या रेषेच्या वर आहे, पण तिचं घर नाही. अमेरिकन थायरॉइड असोसिएशन तिथल्या गरोदर बायकांना रोज 150 मायक्रोग्रॅम द्या म्हणते, मात्र लेव्होथायरॉक्सिन चालू असेल तर द्यायची गरज नाही असंही म्हणते. आणि प्रतिपिंडं असलेल्या बाईचं टीएसएच अडीचच्या वर, पण मर्यादेच्या आत असेल, तर लेव्होथायरॉक्सिन सुरू करायचं की नाही हे तीच संस्था डॉक्टरच्या विचारावर सोडते. म्हणजे एका डॉक्टरने गोळी सुरू केली तर तिला आयोडीन नको, दुसऱ्याने थांबून पाहायचं ठरवलं तर हवं. बाई तीच, रक्ताचा रिपोर्टही तोच.

उत्साही : आणि तुम्ही कोणता डॉक्टर?

साशंक : मी आधी तिच्या स्वयंपाकघरातलं मीठ बदलायला सांगेन, आणि चार आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघेन. त्या चार आठवड्यांत तिला पुडीतल्या मिठातून जेवढं मिळेल तेवढं पुरेल का, हे विचारू नका, कारण ते मोजायची सोय नाही असं तुम्हीच मला मघाशी पटवून दिलंत.